फाटकघरातली पाच वर्षं

मिस लेटी गेल्या त्याला आता दोन महिने होतील. फाटकघरात लंडनचं कुणी जोडपं आलंय, शनिवार-रविवारपुरतं. परवा त्यातली बाई मला विचारते, "इथे पूर्वी नोकरमाणसं राहायची ना हो?" मी म्हटलं, "हो तर. एक नोकर राहायची, बिनपगारी. त्या समोरच्या मोठ्या घराची थोरली लेक." बाई हसली. म्हातारी काहीबाही बरळते, असं वाटलं असणार तिला. मला असा राग आला! आणि मला राग आला की मी दोन दिवस गप्प बसते नि तिसऱ्या दिवशी सगळं बोलून मोकळी होते. आज तिसरा दिवस आहे.

मी डॉर्कस ट्रिम. लग्न होऊन मार्लकोटला आले तेव्हापासून पेनिकॉट घराण्याच्या फरशा पुसतेय. ज्या दिवसांचं सांगतेय त्या दिवसांत मी सकाळी मोठ्या घरात नि दुपारी फाटकघरात कामाला असायचे. त्यामुळे दोन्हीकडचं मला दिसायचं, आणि माझं मत कुणीच विचारायचं नाही.

पेनिकॉट म्हणजे फार बडी माणसं, असं समजू नका. घर तेवढं मोठं. तीनशे वर्षांचं, पिवळ्या दगडाचं, आणि छप्पर चार ठिकाणी गळकं. हिवाळ्यात सगळ्या खोल्या ऊबदार ठेवायला परवडायचं नाही, म्हणून घरचे नि कुत्रे सगळे स्वयंपाकघरातच बसायचे. थोरले साहेब, त्यांची मुलगी लेटिस, म्हणजे आमच्या मिस लेटी, आणि तिच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा ऑबरी. आई गेली तेव्हा लेटी नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला तो तीस-पस्तीस वर्षं सुटला नाही. छपराच्या कुठल्या स्लेटीखालून पाणी येतं, कुठल्या खोलीची खिडकी खांद्याने रेटल्याशिवाय बंद होत नाही, कुठली कोंबडी अंडी लपवते, सगळं त्यांना ठाऊक. लढाईच्या काळात ऑबरी फौजेत गेला, तर घरची शेतीसुद्धा त्यांनीच चालवली. एक डॉक्टर दोन वर्षं दर रविवारी चहाला यायचे. सभ्य गृहस्थ. त्यांना केनियाला जायचं होतं. मिस लेटी म्हणाल्या, "ऐन सफरचंदांच्या दिवसांत मी कशी निघू?" डॉक्टर एकटेच गेले.

आणि घर कुणाचं? ऑबरीचं. का, तर तो मुलगा. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, त्यावर कधी वाद झाला नव्हता. मी एकदा न राहवून विचारलं, "मिस लेटी, घर तुम्हाला मिळावं असं नाही वाटत कधी?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांच्या परकराचा रंग विचारला. "ऑबरी आहे ना," एवढंच म्हणाल्या, नि चादरीच्या घड्या घालत राहिल्या.

तर पन्नास साली आमच्या शेजारच्या गावचे जहागीरदार वारले. सरकारचा मृत्युकर असा बसला, की वर्षाच्या आत त्यांचं घर विकलं गेलं. आता तिथे मुलांची शाळा आहे, नि दिवाणखान्यात व्यायामाच्या दोऱ्या लोंबतात. ते ऐकून थोरले साहेब आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग बाजारच्या गावातून त्यांचे वकील आले, मि. फिंचम. त्यांनी तोड सांगितली. साहेबांनी घर आत्ताच, जिवंतपणी, ऑबरीला देऊन टाकायचं. दिल्या दिवसापासून साहेब पाच वर्षं जगले, तर कर माफ. मात्र देणं खरंखुरं हवं. घर दिलं म्हणायचं नि पूर्वीसारखं तिथेच पाय पसरून राहायचं, हे सरकार चालवून घेत नाही. फिंचमसाहेबांचं तसं पत्रही आलं. त्यातली एक ओळ मिस लेटींना तोंडपाठ झाली होती: "साहेबांनी यापुढे त्या घरात राहू नये."

एक्कावन्न सालच्या मार्चच्या पंचवीस तारखेला सह्या झाल्या. त्याच दुपारी थोरले साहेब नि त्यांना सांभाळायला मिस लेटी फाटकघरात राहायला गेले. फाटकाला लागून दोन खोल्या खाली, दोन वर, भिंतींना कायमची ओल. सामान हातगाडीवरून गेलं. घरातली प्रत्येक वस्तू ऑबरीच्या नावाने लिहून दिलेली, त्यामुळे साहेबांचा पलंगसुद्धा वर मोठ्या घरातच राहिला. ऑबरी दारात उभा होता. हात पुढे करून म्हणाला, "बरंय बाबा, येत जा अधूनमधून." पाहुण्याला म्हणतात तसं. तोंडातून गेलं खरं, पण लगेच तो कानापर्यंत लाल झाला. थोरले साहेब म्हणाले, "येऊ की. निमंत्रणाबद्दल आभारी आहे." आणि टोपी घालून तीनशे पावलांवरच्या नव्या घराकडे निघाले. मिस लेटींनी किल्ल्यांचा जुडगा जिन्याजवळच्या टेबलावर ठेवला होता. सेलिनाने, म्हणजे ऑबरीच्या बायकोने, तो उचलला नि "बापरे, किती जड आहे!" म्हणाली.

सेलिना वाईट नव्हती. हे मला सांगायलाच हवं, कारण सून वाईट निघाली की सगळ्यांना सोपं जातं. हसरी होती, माझ्या मुलांना जुने स्वेटर द्यायची. तिला फक्त त्या घरातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांच्या कुत्र्यांची घोंगडी धुतली नि ते बिचारे दोन दिवस झोपले नाहीत.

दर रविवारी दुपारी साहेब नि मिस लेटी मोठ्या घरी जेवायला यायचे. जन्मल्या घराची घंटा वाजवून, पायपुसण्यावर उभं राहून, दार उघडायची वाट बघायचे. रविवारी मीही तिथेच कामाला, दार मीच उघडायचे. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांच्या बुटांकडेच बघत राहिलो. जेवण, मग चहा, आणि चारच्या ठोक्याला मिस लेटी उठायच्या. "निघू या बाबा." सेलिना म्हणायची, "अगं बसा ना अजून!" पण नाही. कुणी सरकारी माणूस झुडपात लपून बसलाय, अशा घाईने त्या निघायच्या.

पण त्याआधी एक गंमत असायची. गंमत कसली, कर्म! जेवण झालं की मिस लेटी हात धुवायला म्हणून वर जायच्या नि दहा-पंधरा मिनिटं यायच्याच नाहीत. एकदा मी चादरी ठेवायला वरच्या कपाटाच्या खोलीत गेले, तर त्या आत उभ्या. अंधारात. घडीच्या चादरींवर हात ठेवून, डोळे मिटून. मला बघून दचकल्या. "लॅव्हेंडरच्या पिशव्या बदलायला झाल्यात, डॉर्कस," म्हणाल्या. मी म्हटलं, "बदलते." आमच्याकडे असल्या वेळी खाकरून टाकायची पद्धत आहे. मी खाकरले नि कामाला लागले.

फाटकघरात त्यांची खुर्ची मोठ्या घराकडे तोंड करून असायची. हातात विणकाम, नि डोळे तिकडे. "उत्तरेच्या खोलीत दिवा लावलाय, बघ. तिथल्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात." "पश्चिमेच्या भिंतीवरचं नासपतीचं झाड मुळापासून छाटलंय त्या नव्या माळ्याने. आता तीन वर्षं फळ नाही." मी म्हणायचे, "मग सांगा की जाऊन!" तर म्हणायच्या, "ऑबरीचं घर आहे." नि पुन्हा विणायला लागायच्या. मला वाटायचं, बाई, रड तरी! नाहीतर भांड तरी! पण छे.

दुसरं वर्ष सरता सरता थोरले साहेब विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, आणि मग हेच विसरले, की घर आपण देऊन टाकलंय. रोज संध्याकाळचा चहा झाला की ते उठायचे, बूट घालायचे, छडी घ्यायचे नि दारात उभे राहायचे. "चल लेटी, घरी जाऊ. फार वेळ बसलो इथे."

पहिल्या दिवशी मिस लेटींनी खरं सांगून पाहिलं. ते लहान मुलासारखे घाबरले. "दिलं? कुणाला? मग आपण राहायचं कुठे?" पुन्हा त्यांनी खरं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाबा, घरी रंगारी आलेत. रंगाचा वास जाऊ दे, मग जाऊ." साहेबांना ते पटलं. "हां हां, रंगारी. बरोबर." आणि बूट काढून बसले.

मग तीन वर्षं रंगारीच होते घरात! साहेब रोज विचारायचे, नि रोज रंगारी असायचे. साहेब चिडायचे. "आळशी आहेत लेकाचे! तुझ्या आजोबांच्या वेळी सबंध घर सहा आठवड्यांत रंगवलं होतं. काढून टाक त्यांना." आमच्या गावात खराखुरा रंगारी एकच, जेथ्रो कोल. एका रविवारी भर चर्चमध्ये, स्तोत्र संपलं नि सगळे बसताहेत तोच, साहेब मागे वळले नि कडाडले, "कोल! झालं की नाही तुझं अजून?" सगळं चर्च जेथ्रोकडे वळलं. जेथ्रोने कित्येक वर्षांत त्या घराला ब्रशसुद्धा लावला नव्हता. तो उठून उभा राहिला, टोपी छातीशी धरली नि म्हणाला, "दुसरा हात बाकी आहे साहेब. हवा ओली आहे, वाळत नाही." "वाळत नाही म्हणे!" साहेब पुटपुटले नि खाली बसले. मिस लेटी समोरच बघत राहिल्या. त्या दिवसापासून सबंध गाव त्या रंगकामात सामील झालं. पोस्टातली बाई विचारायची, कुठला रंग निवडला साहेब. ते म्हणायचे, पिवळसर, होता तोच.

अशी पाच वर्षं होत आली. छप्पन सालचा फेब्रुवारी ज्यांनी काढलाय, त्यांना त्या थंडीचं वेगळं सांगायला नको. नळ फुटले, मेंढ्या उभ्या उभ्या गोठल्या. फाटकघरातल्या भिंतींना आतून बर्फ धरलं. आणि मार्चच्या सात तारखेला थोरल्या साहेबांच्या छातीत कफ भरला. डॉक्टर आले, ऐकलं, नि मिस लेटींना बाजूला घेऊन म्हणाले, "वय झालंय. या ओलीत तर काही खरं नाही. कुठेतरी कोरड्या, ऊबदार जागी हलवता आलं तर बघा."

कोरडी, ऊबदार जागा! तीनशे पावलांवर. साहेबांची स्वतःची खोली, दक्षिणेला खिडकी, सेलिनाने नव्याने बसवलेली शेगडी. आणि साहेब तापातसुद्धा एकच म्हणत होते. आता छडी उचलायचं बळ नव्हतं, तरी पांघरुणाखाली पाय बुटांसाठी चाचपडायचे. "लेटी, झालं असेल गं आता रंगाचं. मला घरी ने."

पंचवीस तारखेला अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑबरी खाली फाटकघरात आला. मी चुलीत कोळसा घालत होते, मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. तो दारातच उभा. थंडीबद्दल बोलला. मग कुत्रीला पिल्लं होणार त्याबद्दल बोलला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "लेटी, बाबांना वर घेऊन येऊ या. मी गाडी आणतो."

"सतरा दिवस राहिलेत, ऑबरी."

"माहितेय मला. खड्ड्यात जाऊ दे ना ते! जाऊ दे घर गेलं तर. मी नोकरी करीन कुठेतरी."

"तू?" मिस लेटी म्हणाल्या. एवढा कडू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तुला गेलं तर चालेल. तुला काय माहीत आहे रे त्या घरातलं? बाबा पाच वर्षं या ओलीत राहिले ते तू नोकरी करावी म्हणून? नाही. कुठेही जायचं नाही."

ऑबरीने टोपी घातली. त्याने अजून एकदा म्हणायला हवं होतं. त्याने आत येऊन बापाला उचलून न्यायला हवं होतं! पण लहानपणापासून त्याचं नाक जिने पुसलं, तिच्यापुढे तो दुसऱ्यांदा तोंड उघडणार कसा? "बरंय मग," म्हणाला नि गेला.

मी फावडं आपटलं. "मिस लेटी, त्या फिंचमसाहेबांना फोन करा. पोस्टाबाहेर फोनची पेटी आहे. विचारा, म्हातारा आजारी माणूस चार दिवस मुलाकडे नेला तर चालतो का. हो की नाही, एवढंच!"

"असलं विचारत नाहीत, डॉर्कस."

"का नाही? तोंड आहे ना त्यासाठी?"

"काय विचारू? बाबा आता मरतील, तर कुठे मरू देऊ, असं? म्हणजे आम्ही इथे बसून दिवस मोजतोय, हे त्यांना कळू दे?" त्या उठल्या नि साहेबांची उशी सरळ केली, ती सरळच होती. "तू कोळसा घाल."

मी इथे दुसऱ्यांना नावं ठेवतेय, पण माझंही ऐका. त्या संध्याकाळी घरी जाताना मी त्या फोनच्या पेटीत गेले होते. मुठीत नाणी होती. फिंचमसाहेबांचा नंबर मी मोठ्या घरातल्या वहीतून चिठ्ठीवर उतरवून आणला होता. रिसीव्हर उचलला. आणि मग मनात आलं, की मी कोण? धुण्याभांड्याची बाई वकिलाला फोन करून मालकांच्या घरातलं विचारणार? उद्या गावभर झालं तर? बाहेर पोस्टातली बाई काचेतून बघत होती. मी रिसीव्हर ठेवला नि तिला म्हटलं, "फोन बिघडलाय वाटतं." आज तेवीस वर्षं झाली, तो रिसीव्हर हातात असल्याचं मला अजून जाणवतं.

साहेब चिवट निघाले. मिस लेटींनी त्यांना धरून ठेवलं म्हणा. तासातासाला रस्सा, पाठीला जवसाचं पोटीस, चुलीतली आग क्षणभर विझू दिली नाही. त्या स्वतः खुर्चीतच डुलक्या घ्यायच्या. आणि रोज तेच. "घरी ने." "रंगारी आहेत, बाबा." "अजून?" "अजून." शेवटी शेवटी ते भांडायचेही नाहीत. नुसते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

पंचवीस तारीख आली नि गेली. सव्वीसला सकाळी मी गेले, तर मिस लेटींनी साहेबांचे बूट पॉलिश करून पलंगाशी ठेवलेले. त्यांचा चांगला कोट खुर्चीवर. गाडी बाहेर उभी, ऑबरी चाकाशी, सेलिनाने शेगडी पेटवून ठेवलेली. मिस लेटी पलंगाच्या कडेला बसल्या, साहेबांचा हात हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"बाबा, रंगारी गेले. सगळं झालं. चला, घरी जाऊ."

साहेबांनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग आपला हात हळूच सोडवून घेतला नि अगदी अदबीने, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "फार दयाळू आहात तुम्ही, बाई. पण तुम्हाला कशाला त्रास? माझी मुलगी येईलच आता मला न्यायला."

"मीच आहे बाबा. लेटी."

"ती येईल," ते म्हणाले. "तिला थोडं काम असतं."

त्यांना उठवायला गेलो तर श्वासच लागेना. डॉक्टर म्हणाले, आता हलवायचं नाही. गाडी परत गेली. अठ्ठावीसला दुपारी साहेब फाटकघरातच गेले. मिस लेटींनी बूट उचलून कपाटात ठेवले. रडल्या नाहीत. मी मात्र मोरीत जाऊन मनसोक्त रडले, मला कुणाची चोरी?

पुरून आल्यावर चहा मोठ्या घरात होता. सगळा गाव आलेला. मिस लेटी टेबलाशी उभं राहून चहा ओतत होत्या, जुन्या सवयीने. मी कप देत होते. फिंचमसाहेब आले, म्हातारे, भला माणूस, डोळे पाणावलेले. म्हणाले, "तीन दिवसांनी का होईना, तारीख उलटली. साहेबांनी निभावलं. पण एक मला कळलं नाही, मिस पेनिकॉट. एवढ्या आजारपणात तुम्ही त्यांना वर का नाही हलवलं? बरं वाटलं असतं त्यांना."

मिस लेटींचा हात किटलीवर थांबला. "तुमचं पत्र होतं. त्यांनी या घरात राहू नये म्हणून."

"राहू नये म्हणजे बिऱ्हाड करू नये, हो! आजारी बापाला मुलाने चार आठवडे घरी आणलं, तर त्याला कोण काय म्हणणार? अहो, मला एक शब्द विचारायचा होता."

ऑबरी खिडकीपाशी होता, त्यानेही ऐकलं. मिस लेटींनी किटली उचलली, थेंब न सांडता कप भरला नि विचारलं, "साखर किती, मि. फिंचम?"

लोक पांगले. सेलिना रडत होती, "लेटी, आजपासून तू इथेच राहा, तुझी खोली तशीच आहे," म्हणत होती. अगदी मनापासून म्हणत होती. मिस लेटींनी तिच्या गालाला हात लावला नि "नको गं" म्हणाल्या. ऑबरीकडे बघितलं नाही. हातमोजे घातले नि दारातून निघाल्या. मी भांडी टाकून मागे धावले.

पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता चिखलाने भरलेला. अर्ध्या वाटेपर्यंत मी मागे मागे चालत होते. मनात म्हणत होते, झाली चूक, माणसाने विचारलं नाही, लाजलं, तुम्ही लाजलात नि मीही लाजले, त्यात काय एवढं. तेवढ्यात त्या थांबल्या.

"डॉर्कस, मी लाजेने नाही विचारलं, असं वाटतं ना तुला?"

"मग?"

"ते 'हो, न्या' म्हणाले तर, म्हणून नाही विचारलं." त्या मोठ्या घराकडे बघत नव्हत्या, समोर फाटकाकडे बघत होत्या. "बाबांना नेलं असतं, तर त्यांच्या उशाशी मलाही राहावं लागलं असतं. शेजारच्याच खोलीत. माझ्या खोलीत. मी एक रात्र जरी तिथे झोपले असते ना, तर मला कुणी तिथून हलवू शकलं नसतं. ऑबरीने नाही, सेलिनाने नाही. मी त्यांना घराबाहेर काढलं असतं, इतकं मला ते हवं होतं. आणि ते माझं नाही." त्यांचा आवाज तेवढा तिथे चिरकला. "म्हणून मी बाबांना घरी नेलं नाही."

मी काय करायला हवं होतं, ते मला आज पक्कं ठाऊक आहे. त्या बाईला तिथेच रस्त्यात मिठीत घ्यायला हवं होतं. मालकीण काय नि मोलकरीण काय, चिखल काय नि काय. तेवीस वर्षं त्या माझ्यासमोर त्या खुर्चीत बसल्या, नि रोज मला वाटायचं, आज तरी. त्या कधी मोठ्या घरात झोपल्या नाहीत, आणि मीही कधी त्यांना मिठी मारली नाही.

त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "सांभाळून या, मिस लेटी. पुढे डबकं आहे." आणि त्या म्हणाल्या, "दिसलं मला," नि बाजूने वळून गेल्या.